लग्न पुढं गेलं, इसाराचं काय?

आजचा विषय इसाराचा. मोठ्या शहरांत हॉटेलातलं राखून ठेवलेलं टेबल रद्द केलं की पैशांवरून वाद होतो. आपल्या परभणी जिल्ह्यात हा वाद होतो तो मंगल कार्यालयाशी आणि केटररशी.

सेलू असो, जिंतूर असो की गंगाखेड, तारीख निघाली की आधी कार्यालय धरायचं, मग आचारी. पावतीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'इसार परत मिळणार नाही.' पुढं घरात कुणी वारलं, लग्न लांबलं, की मालक तीच ओळ दाखवतो.

माझं म्हणणं एवढंच, की ती ओळ म्हणजे शेवटचा शब्द नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं, की करार मोडला तर भरपाई रास्त हवी. 1969 मध्ये सुप्रीम कोर्टापुढं मौला बक्ष यांचा खटला होता. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी पुरवायचा ठेका. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारनं 18,500 रुपयांची अनामत जप्त केली. कोर्ट म्हणालं, तोच माल दुसरीकडून कितीला घेतला हे दाखवता आलं असतं, म्हणजे नुकसान मोजता येत होतं. ते दाखवलं नाही, म्हणून अनामत ठेवता येणार नाही. मात्र वाजवी रकमेचा इसार ठेवून घ्यायला हरकत नाही, हेही त्याच निकालात आहे.

आता मालकाची बाजूही बघा. लग्नाच्या तिथी मोजक्याच. आठ दिवस आधी रद्द केलं तर ती तारीख कोण घेणार? किराणा भरलेला, माणसं सांगितलेली. ते नुकसान खरं आहे. पण चार महिने आधी कळवलं आणि त्याच तारखेला दुसरं लग्न लागलं, तर बुडालं काय? म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, 'आमची तारीख दुसऱ्याला गेली का?'

लॉकडाऊनची गोष्ट निराळी. एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. तिथं चूक कुणाचीच नाही. करार पाळणंच अशक्य झालं तर तो संपतो, आणि घेतलेले पैसे परत करावे लागतात, असं कलम 56 आणि 65 मिळून सांगतात.

रद्द करायचं ठरलं की त्याच दिवशी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना. पावती जपा. ऐकलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढं परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कार्यालय नांदेडचं असलं तरी तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इसार देतानाच पावतीवर लिहून घ्या, 'तारीख दुसऱ्यास गेल्यास इसार परत.' मालकानं नाही म्हटलं, तर ते इसार देण्याआधीच कळलेलं बरं.