संशोधन गावाकडे परत आले पाहिजे



विद्यापीठातील संशोधनाचा आणि आपल्या चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संशोधन म्हटले की प्रबंध, पदवी आणि पदोन्नती एवढेच आपल्यापुढे उभे राहते. कोणीतरी प्रश्नावली घेऊन गावात येतो, घराघरांतून माहिती गोळा करतो, आणि त्या माहितीचे पुढे काय झाले हे गावाला कधीच कळत नाही. या जंगलातून बांबू कागद गिरणीला गेला, सागवान वखारीला गेले, आणि माहिती विद्यापीठाच्या कपाटात गेली. तिन्हींचा मोबदला गावाला मिळाला नाही.

परंतु याच गडचिरोली जिल्ह्यात निराळ्या प्रकारचे संशोधनही झाले आहे, आणि त्याचा आपण अभ्यास केला पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६च्या सुमारास त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. नवजात बालके का दगावतात, हा त्यांच्यापुढील एक प्रश्न होता. बाळंतपणे घरी होत, रुग्णालय दूर असे, आणि आजारी अर्भकाला घराबाहेर काढण्याची रीत नव्हती. तेव्हा उपचारच घरी नेला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. ३९ गावांतील थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबेत ठेवणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाची सुई देणे हे त्या शिकल्या. जन्मलेल्या दर हजार बालकांमागे पहिल्या महिन्यात ६२ मृत्यू होत होते, ते १९९७-९८मध्ये २५.५वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत मात्र हे प्रमाण घटले नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

सुई टोचणे हा डॉक्टरचाच अधिकार, असे मानणाऱ्या व्यवस्थेला या आकड्यांनी उत्तर दिले. त्यातील खरा क्रांतिकारक भाग माझ्या मते वेगळाच आहे. मोजणारी स्त्री आणि वाचवणारी स्त्री येथे एकच होती, आणि ती त्याच गावची होती. ज्ञान गावातून बाहेर गेले, पण त्याआधी ते गावात राहिले.

पुढे २०११मध्ये केंद्र शासनाने ‘आशा’ कार्यकर्तीच्या गृहभेटींच्या रूपाने हा मार्ग देशभर स्वीकारला. परंतु शास्त्र स्वीकारताना श्रमाचे मोल मात्र स्वीकारले गेले नाही. सहा-सात भेटी पूर्ण केल्याबद्दल दर बाळामागे २५० रुपये ठरले, आणि तिला कामगार न म्हणता स्वयंसेविका म्हणण्यात आले. संशोधनाचे श्रेय वर जाते आणि त्याचे ओझे गरीब स्त्रीच्या खांद्यावर येते, हे समाजवाद्याने मुकाट्याने पाहता कामा नये.

आता शाळेकडे वळू. वाचलेले ते मूल सहा वर्षांचे होऊन पहिलीत बसते. त्याच्या घरची भाषा गोंडी किंवा माडिया, म्हणजे द्राविड कुळातील. पुस्तकाची भाषा मराठी. गुरुजी बोलतात ते मुलाला कळत नाही आणि मूल बोलते ते गुरुजींना कळत नाही. शेवटी मूल गप्प बसते, आणि आपण त्याला मंदबुद्धी ठरवतो. राज्यघटनेच्या ३५० क अनुच्छेदाने आणि २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मातृभाषेतील शिक्षणाचे तत्त्व मान्य केले आहे. तरीही धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा २०२२मध्ये त्याच कायद्याचा आधार घेऊन ती अनधिकृत ठरवण्यात आली! गोंडी भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान नाही, यातच तिच्या उपेक्षेचे मूळ आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. पालकांनाच मराठी आणि इंग्रजी हवी आहे, मग गोंडीत अडकवून मुलांची वाट का अडवायची? पालकांची ही मागणी न्याय्य आहे; नोकरीची आणि कचेरीची भाषा त्यांच्या मुलांना आलीच पाहिजे. परंतु ओळखीच्या भाषेत वाचायला शिकलेले मूल दुसरी भाषा अधिक भक्कमपणे शिकते की नाही, हे प्रत्यक्ष वर्गात तपासून पालकांपुढे ठेवले पाहिजे. हे काम विद्यापीठाचे आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या नावातच गोंडांचा देश आहे. तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. माडिया मूल शाळेत येताना काय जाणते, त्याचे गणित कोठे अडते, तेंदूपत्त्याच्या हंगामात आणि तेलंगणात मिरची तोडायला आईबाप गेल्यावर त्याची शाळा किती बुडते, याची मोजणी त्याच गावच्या शिकलेल्या तरुण-तरुणींकडून, योग्य वेतन देऊन, करून घ्यावी. निष्कर्ष आधी ग्रामसभेत, गोंडीत वाचून दाखवावेत. नियतकालिकात नंतर छापावेत. मेंढा (लेखा) येथील ग्रामस्थांनी अभ्यास गट चालवून, विचार करून निर्णय घेण्याची रीत पाडली, आणि २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. आदिवासी गावाला अभ्यास झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.

कार्यकर्त्यांनीही केवळ निवेदने देऊन थांबू नये. गावात पुढचा संशोधक येईल तेव्हा त्याला पाणी द्या, माहिती द्या, आणि विचारा, “हे सांगायला परत कधी येणार?” तारीख ग्रामसभेच्या नोंदवहीत लिहून घ्या.