हरकत घ्यायला एक महिना

वर्तमानपत्रातलं जाहीर नोटिशींचं पान आपण बहुतेक जण न वाचताच उलटतो. अक्षर बारीक आणि भाषा सरकारी. त्यात असं काहीतरी छापलेलं असतं : 'मौजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक, येथील प्राथमिक शाळा व क्रीडांगण हे आरक्षण वगळून सदर क्षेत्र निवासी विभागात समाविष्ट करणे.' पोरं रोज संध्याकाळी क्रिकेट खेळतात ते मैदान हेच, हे सर्व्हे नंबरावरून कुणाच्या लक्षात येणार?

शहराचा विकास आराखडा साधारण 20 वर्षांचा विचार करून केलेला असतो. शाळा कुठे, बाग कुठे, रस्ता किती रुंद, हे त्यात ठरतं. त्याच्या भरवशावर लोक कर्ज काढून घरं घेतात. म्हणून तो मध्येच बदलायचा तर महापालिकेला नुसता ठराव करून भागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 37 सांगतं, की फेरबदलाची सूचना राजपत्रात छापा, हरकती-सूचनांसाठी एक महिना द्या, ज्यांना झळ पोचणार आहे त्यांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐका आणि मगच प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य सरकारकडे पाठवा. शिवाय, फेरबदलानं मूळ आराखड्याचं स्वरूपच पालटता कामा नये.

"निर्णय आधीच झालेला असतो, सुनावणी हा नुसता उपचार," असं लोक म्हणतात. पुष्कळदा त्यात तथ्यही असतं. पण मुंबईचं उदाहरण आठवा. फेब्रुवारी 2015 मध्ये नवा आराखडा जाहीर झाला आणि त्यातल्या चुकांवर इतका गदारोळ उठला, की एप्रिलमध्ये सरकारला तो नव्यानं करायला सांगावं लागलं. सुधारित आराखडा 2016 मध्ये आला, त्यावरही हरकती झाल्या आणि मंजुरी मिळाली ती 2018 मध्ये. बंगळुरात बागेसाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रहिवासी कोर्टात गेले. रुग्णालयही लोकांच्याच उपयोगाचं, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. बाग राखून ठेवण्यासाठी दाद मागायचा रहिवाशांचा हक्क न्यायालयानं 1991 मध्ये मान्य केला.

मात्र सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलेल्या दोनशे छापील अर्जांपेक्षा एक नेमका अर्ज अधिक वजनदार ठरतो. नगररचना विभागातून त्या जागेचा भाग नकाशा घ्या. परिसरात दुसरं मैदान आहे का, शाळेला पर्यायी जागा दाखवली आहे का, वाढीव वस्तीला पाणी आणि रस्ता पुरेल का, हे मुद्दे क्रमानं मांडा. अर्ज मुदतीत द्या. पोच घ्या, आणि तिच्यावर शिक्का व आवक क्रमांक आहे ना, ते तिथेच पाहून घ्या. सुनावणीला बोलावलं की जा, आणि जे बोलाल ते लेखीही द्या.

पुढे प्रकरण कोर्टात गेलंच, तर 'मुदतीत हरकत घेतली होती का?' हे हमखास विचारलं जातं. त्या वेळी उत्तर तोंडी देण्याची पाळी येऊ नये, एवढी तजवीज आपल्या हातात आहे.