खाणीवरचे रान आणि त्याचे साक्षीदार

हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या घरोघरी तिन्हीसांजेला दिवे लागतात, तेव्हा दूर गोदावरीच्या खोऱ्यातला कोळसा जळत असतो, ह्याची आठवण क्वचितच कोणाला होत असेल. भूस्तरशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना हा कोळसा १८७१ मध्ये येल्लंदूजवळ आढळला. सिंगरेणीच्या खाणी त्यातूनच उभ्या राहिल्या. हाच कोळशाचा पट्टा वायव्येस रामगुंडम, बेल्लमपल्ली ह्या वाटेने वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूरपर्यंत गेला आहे. कोळसा उजेड देऊन संपतो. त्याच्यासाठी उपसलेली जमीन मागे उरते. तिचे पुढे काय होते?

खुल्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती व खडक फोडून बाजूला रचावे लागतात. चंद्रपूरजवळ दुर्गापूर, पद्मापूर येथे असे ढिगारे उभे आहेत. त्यांचे रूप टेकडीचे, पण गुण टेकडीचे नव्हेत. पाणी नीट मुरत नाही, उन्हाळ्यात दगड तापतात, आणि मुळांना लागणारा नत्र जवळजवळ नसतोच. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने पद्मापूरच्या ढिगाऱ्यावर प्रयोग केला. सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून उरलेला गाळ मातीत मिसळला. रोपांच्या मुळांशी नत्र बांधणारे जिवाणू आणि स्फुरद मिळवून देणारी बुरशी घातली. २००८ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. निर्जीव ढिगाऱ्यावर झाड जगविता येते, एवढे त्यावरून दिसून आले.

तथापि झाड जगणे निराळे आणि रान होणे निराळे. कोल इंडियाच्या मोठ्या खुल्या खाणींवरची हिरवळ आता दरवर्षी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजली जाते. हे काम उपयुक्त आहे, ह्यात शंका नाही. परंतु आकाशातून वेडी बाभूळही हिरवीच दिसते! शिरीष, पळस, बांबू आणि त्यांच्याखालचे गवत एकीकडे, तर दुसरे काही उगवू न देणारी काटेरी जाळी दुसरीकडे. हा भेद जमिनीवर उतरूनच पाहावा लागतो.

कोणी म्हणेल, ढिगाऱ्यांवर वाघ येतो, ह्याहून मोठी साक्ष कोणती? वाघ येतो हे खरेच. ताडोबाच्या जंगलात जागा अपुरी पडली की तरुण वाघ बाहेर पडतात. काही तर प्राणहिता ओलांडून तेलंगणातील कागजनगरपर्यंत जातात. दुर्गापूरच्या बाजूला त्यांना वेड्या बाभळीचा आडोसा आणि रानडुकरांची शिकार मिळते. पण आडोसा म्हणजे अरण्य नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. त्याच सुमारास दुर्गापूर भागात बिबट्याने एका मुलाला उचलून नेले. रात्रपाळीहून घरी जाणाऱ्या माणसाला ह्या हिरवळीचे कौतुक कसे वाटावे? कोणत्या जाळीत कोणते जनावर, कोणत्या महिन्यात वावरते, ह्याची नोंद असेल तरच रस्त्यालगतची कोणती जाळी काढावी व कोणती राखावी हे ठरविता येईल. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखू येत असल्याने स्वयंचलित कॅमेरे येथे चांगले काम देतात.

रानाच्या प्रकृतीचे खरे साक्षीदार मात्र लहान आहेत. मुंग्या आणि शेणकिडे मातीची खबर देतात. बुलबुलासारखे पक्षी विष्ठेतून बी आणतात. म्हणून ज्या झाडाची लागवड कोणी केली नाही, त्याचे रोप ढिगाऱ्यावर दिसले, तर ते लावलेल्या शंभर झाडांपेक्षा अधिक सांगून जाते. ह्या नोंदीला मोठी सामग्री लागत नाही, चिकाटी लागते. तीच वाट, तोच ऋतू, तीच वेळ, दरवर्षी. आणि जवळच्या नैसर्गिक जंगलातही तशीच एक फेरी, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. काही आढळले नाही, तर तेही लिहावयाचे. आपल्याकडे नेमकी हीच ओळ गाळली जाते.

खाण बंद करण्याच्या खर्चाची रक्कम आधीच वेगळी ठेवावी, असा दंडक केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये घातला. त्या रकमेतून एखादा वनरक्षक आणि गावातलीच दोन जाणती माणसे ह्या फेरीसाठी सहज नेमता येतील. पावसाळा सरताच, गवत बियांवर आलेले असताना पहिली फेरी व्हावी. दुसरी उन्हाळ्यात, जेव्हा पाणवठ्यापाशी सगळ्यांचेच माग उमटतात.