कंपनीच्या कागदांवर नाव कुणाचं?

भाकरी उरकून, जनावरांचं वैरणपाणी करून तुम्ही रेडिओपाशी बसला असाल. आज कागदांविषयी बोलायचंय. विषय कोरडा वाटेल, पण ऐका, कारण सह्या आपल्याला करायच्या आहेत.

आमच्या भागातल्या काही गटांनी तुरीची डाळ करून विकायचं ठरवलं. गट चांगले चाललेले, ग्रामसंघाचा हिशोब चोख. पण माल वाढला तसा व्यापारी विचारायला लागला, बिल कुणाच्या नावानं करू? दहा गटांची दहा खाती. तिथून शेतकरी उत्पादक कंपनीचा विषय निघाला.

आपल्या जालन्यात कंपनी म्हटलं की स्टीलचा कारखाना नाहीतर बियाण्याची कंपनी डोळ्यांपुढे येते. बैठकीत एका मावशींनी पहिलाच प्रश्न टाकला, "कंपनी बुडाली तर माझं घर जाईल का गं?" आम्ही फॉर्मची थप्पी घेऊन गेलो होतो. ती बाजूला ठेवली आणि आधी एवढंच बोललो.

कंपनीच्या नावात शेवटी 'लिमिटेड' असतं, म्हणजे मर्यादित. तुम्ही हजार रुपयांचे शेअर घेतले आणि पैसे भरले, तर कंपनीच्या कर्जापायी तुमचे फार तर ते हजार जातील. घर, बैल, डोरलं यांना हात लागत नाही. पण यात एक मेख आहे. बँक कंपनीला कर्ज देताना संचालक बायकांकडून वैयक्तिक जामीन मागू शकते. त्या जामीनपत्रावर सही केली की तेवढ्या कर्जापुरती मर्यादा संपली. म्हणून बँकेत दहा कागद पुढे सरकवले तरी जामिनाचा कागद कोणता ते विचारा, आणि मगच पेन उचला.

हा कायदा फार जुना नाही. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला जागा मिळाली. किमान दहा उत्पादक सभासद लागतात, संचालक पाच ते पंधरा. शेअर कुणाचे कितीही असोत, मत एकीला एकच. आम्हाला या कायद्यातलं सगळ्यात आवडलेलं कलम हेच.

आता कागद. आधार, पॅन, फोटो, बँकेचं स्टेटमेंट, एवढंच तर आहे, असं आम्हालाही वाटलं होतं. आमचे दोन महिने गेले ते नावांत.

एका ताईचं आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकावर नुसतं नाव आणि आडनाव. दुसरीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक अक्षर जास्त. घरात आपल्याला कुणी त्या नावानं हाक मारत नाही, म्हणून इतकी वर्षं लक्षात आलं नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. आणखी एक गंमत. संचालकाच्या माहितीत वडिलांचं नाव लागतं, लग्न झालेलं असलं तरी नवऱ्याचं चालत नाही. साठीच्या एका आक्कांना आम्ही वडिलांचं पूर्ण नाव विचारलं, तर त्या क्षणभर गप्पच राहिल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत कुणी इचारलंच नाही." मग भावाला फोन लावून स्पेलिंग घेतलं.

पत्त्याच्या पुराव्यातही अडकायला होतं. लाइटबिल सासऱ्यांच्या नावावर. संचालकाला स्वतःच्या नावाचा, दोन महिन्यांपेक्षा जुना नसलेला पुरावा लागतो. अशा वेळी स्वतःच्या खात्याचं बँक स्टेटमेंट कामी येतं. कंपनीच्या कार्यालयासाठी त्या जागेचं ताजं लाइटबिल आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र पाहिजे. आम्ही बिल आधी आणलं, बाकीचे कागद जमेपर्यंत ते जुनं झालं. ते सगळ्यात शेवटी आणा.

सातबाऱ्याचं बोलायलाच हवं. उत्पादक म्हणजे जमिनीचा मालक, असं कायदा म्हणत नाही. शेतमाल पिकवणारी, शेळ्या, कोंबड्या, दुभती जनावरं पाळणारी बाईही उत्पादकच. पण प्रत्यक्षात कागद करणारे सातबारा नाहीतर शेतकरी असल्याचा दाखला मागतात. बैठकीत "सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे?" असं विचारलं तर तीन-चार हात वर झाले. निंदणी, वेचणी, कापणी सगळ्यांची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. पुढे सरकारनंही त्या नावानं योजना आणली. नवरा तयार असेल तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. आमच्यातल्या दोघींच्या घरी कंपनीच्या निमित्तानं हा विषय पहिल्यांदा निघाला. एकीकडे जमलं, दुसरीकडे भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही.

कंपनीचं नाव ठरवताना दोन पर्याय देता येतात, हजार रुपये फी. मंजूर झालेलं नाव वीस दिवस राखून राहतं, तेव्हा बाकी कागद तयार असल्याशिवाय नावाच्या मागे लागू नका. अर्ज मानेसरच्या केंद्रात तपासला जातो, आणि पंधरा लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला नोंदणीची सरकारी फी शून्य आहे. मुद्रांक शुल्क आणि सनदी लेखापालाचे पैसे वेगळे. दोघा-तिघांकडून दर लिहून घ्या.

मग येते घटना आणि नियमावली. ज्या बाईला लिहिता येत नाही, ती अंगठा देऊ शकते. पण नियम असा, की तिच्या वतीनं लिहिणाऱ्यानं तो मजकूर तिला वाचून, समजावून सांगायचा आणि तसं तिथं लिहून सही करायची. एका सल्लागारानं आम्हाला "नुसते अंगठे घ्या, वाचत कुठं बसता," असं म्हटलं. आम्ही बसलो. पूर्ण दुपार गेली, चहा तीनदा झाला. पण नफा कसा वाटायचा, यावर त्या अंगठेवाल्या बायकांनीच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

डिजिटल सहीसाठी मोबाइलपुढे उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं असतं. पोरी हसत होत्या, पण सगळ्यांनी पदर सावरून खणखणीत सांगितलं. ही सही पेनड्राइव्हसारख्या छोट्या टोकनमध्ये मिळते. ते टोकन आणि त्याचा पासवर्ड बहुतेक ठिकाणी सल्लागाराच्या खणात नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. आमचं यावर ठाम मत आहे, टोकन तुमच्या पेटीत. काम असेल तेव्हा घेऊन जा, समोर बसा, परत आणा.

नोंदणीनंतरची घाई वेगळीच. नव्वद दिवसांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यायची, शेअरचे पैसे खात्यात भरून 180 दिवसांत तसं जाहीर करायचं. दर वर्षी ताळेबंद आणि विवरणपत्र भरायचं, उशीर झाला तर एकेका फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. म्हणून आठवडी बाजारात पापड-लोणचं विकणाऱ्या गटाला आम्ही कंपनी काढ म्हणत नाही. लिज्जतच्या सात बायकांनी 1959 मध्ये 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली आणि 1966 मध्ये नोंदणी केली ती संस्थेची, कंपनीची नाही.

ज्यांना काढायचीच आहे त्यांनी पुढच्या बैठकीला आधार, पॅन आणि पासबुक सोबत आणा. तिन्ही शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवू. आणि येण्याआधी माहेरी एक फोन करा, वडिलांचं नाव नीट विचारून घ्या.