प्रोटॉन थेरपी: कोणासाठी, आणि केव्हा?

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे औषधाचा सल्ला देणार नाही. पण मोहल्ल्यात कुणाला कॅन्सर झाला की कागद वाचायला, इंटरनेटवर शोधायला आपल्यासारख्या शिकलेल्या मुलांनाच बोलावतात. म्हणून हे तंत्र आपल्याला समजले पाहिजे.

नेहमीच्या रेडिएशनमध्ये एक्स-रे वापरतात. ते प्रत्येक थांब्यावर प्रवासी उतरवत जाणाऱ्या एसटीसारखे असतात. गाठीपर्यंत जाताना ऊर्जा सोडतात आणि गाठीच्या पलीकडेही सोडत राहतात. प्रोटॉनचे तसे नाही. तो वाटेत थोडीच ऊर्जा सोडतो, बहुतेक ऊर्जा शेवटच्या थांब्यावर सोडतो आणि तिथेच थांबतो. किती खोल थांबायचे, हे त्याच्या वेगावर ठरवता येते. रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने 1946 मध्ये हा उपयोग सुचवला. 1954 मध्ये अमेरिकेत बर्कले येथे पहिल्या रुग्णावर तो झाला.

भारतात 2019 मध्ये चेन्नईच्या एका खाजगी रुग्णालयात हे उपचार सुरू झाले. 2023 पासून टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील संकुलातही ते मिळतात. ही संस्था केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाची आहे. म्हणजे सामान्य माणसालाही तिथले दार ठोठावता येते.

याचा सर्वात मोठा फायदा लहान मुलांना होतो. मेंदूजवळ किंवा मणक्याजवळ गाठ असेल, तर आसपासचा वाढता अवयव वाचवणे म्हणजे त्या मुलाचे पुढचे आयुष्य वाचवणे. पण प्रत्येक कॅन्सरला प्रोटॉन लागत नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत प्रोटॉन आणि आधुनिक एक्स-रे यांचे परिणाम सारखेच आले. ते 2024 मध्ये जाहीर झाले.

शिवाय हा अचूकपणा नाजूक असतो. उपचार अनेक आठवडे चालतात. तेवढ्यात वजन उतरले किंवा गाठीचा आकार बदलला, तर प्रोटॉन भलत्याच जागी थांबू शकतो. म्हणून पुन्हा स्कॅन काढून आराखडा बदलावा लागतो. यंत्र कितीही महागडे असले, तरी त्यामागची माणसे अनुभवी हवीत.

आता मुद्द्याचे. "प्रोटॉनसाठी लाखो रुपये हवेत" असा मेसेज ग्रुपवर आला, तर पुढे पाठवण्याआधी त्या कुटुंबाला तीन प्रश्न विचारायला सांगा. या गाठीसाठी प्रोटॉनचा फायदा नक्की किती? साध्या रेडिएशनने काय बिघडेल? वाट पाहिल्याने उपचाराला उशीर तर होणार नाही ना? उत्तर "प्रोटॉनच हवा" असे असेल, तर आधी खारघरला फाइल दाखवा आणि तिथल्या समाजसेवा विभागात मदतीची चौकशी करा. मग वर्गणी जरूर गोळा करा. उत्तर "गरज नाही" असे असेल, तर घर गहाण टाकू देऊ नका. जवळ मिळणारे, वेळेवर सुरू होणारे रेडिएशनही माणसे बरी करते.

कुणाचे दागिने मोडण्याआधी त्यांच्याबरोबर डॉक्टरांसमोर बसून हे प्रश्न विचारणे, एवढे तर आपण नक्कीच करू शकतो.