उत्तुंग हिमालयाच्या दर्शनाची पूर्वतयारी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या तरुण शाखेने येत्या ऑक्टोबर महिन्यात नेपाळमध्ये जाऊन एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत पायी प्रवास करण्याचे योजिले आहे. त्या निमित्ताने चार अनुभवाचे शब्द सांगावेत अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली. मी गिर्यारोहक नव्हे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे नोकरी केलेला, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेला एक सेवानिवृत्त अभियंता आहे. परंतु या वाटेने मी दोनदा गेलो आहे. एकदा वाईट आखणी करून आणि एकदा बरी आखणी करून. यांपैकी पहिल्या प्रवासाविषयी बोलण्याचा अधिकार मला निःसंशय आहे.

हिमालय आपणां महाराष्ट्रीयांस अपरिचित नाही. कुमारसंभवाचा आरंभ पाठ करीत पुष्कळांचे बालपण गेले. काकासाहेब कालेलकरांचे हिमालयप्रवासाचे पुस्तक मूळ गुजरातीत असले तरी ते लिहिणारा माणूस साताऱ्यास जन्मलेला होता. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, तेव्हा तर घरोघरी एव्हरेस्टच्या गोष्टी चालल्या होत्या. त्याच वर्षीच्या दिवाळीपूर्वी मी आणि माझे मावसभाऊ निघालो. आमचा बेत अर्थातच शिखराचा नव्हता. त्याच्या पायथ्याचा तळ गाठावा, शिखर डोळे भरून पाहावे आणि परत यावे, एवढाच होता.

येथेच पहिली चूक झाली होती, आणि ती घरी बसून, नकाशा पुढे ठेवून झाली होती. त्या तळावरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही! समोरच्या कड्यांनी ते झाकले जाते. शिखर नीट पाहावयाचे तर जवळच्या काला पत्थर नावाच्या, साडेपाच हजार मीटरहून उंच टेकाडावर चढावे लागते. उलटपक्षी, नामचे बाजार गावाच्या माथ्यावरून, म्हणजे चालू लागल्यापासून तिसऱ्या दिवशीच, आकाश निरभ्र असेल तर ते दिसते. तेंगबोचेच्या मठासमोरून तर ल्होत्से आणि नुप्त्से यांच्या प्रचंड भिंतीमागून डोकावणारा त्याचा माथा आणि उजवीकडे आमा दब्लाम हे देखणे शिखर, असे दोन्ही एका दृष्टिक्षेपात मिळते. तेव्हा पाहणे आणि पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपणांस यांपैकी कोणती हवी आहे, हे प्रत्येकाने घर सोडण्यापूर्वीच स्वतःशी ठरवावे.

आता आखणीकडे वळतो. खात्यातील सवयीप्रमाणे मी एक सुंदर तक्ता केला होता. कोणत्या दिवशी किती मैल, किती तास, कोठे मुक्काम, हे सारे त्यात होते. मात्र तो तक्ता मैलांचा होता आणि हिमालयात हिशेब मैलांचा नसतो, उंचीचा असतो. आपले कळसूबाई १६४६ मीटर उंच. महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. ज्या लुक्ला गावी विमान उतरते ते सुमारे २८५० मीटरवर आहे. म्हणजे पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच आपण कळसूबाईच्या बाराशे मीटर वर असतो. नामचे ३४४०, तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरक्षेप ५१६४ आणि तळ ५३६४ मीटर. तळाजवळ हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने निम्मा होतो.

शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते. पण ते आपल्या रजेच्या अर्जाप्रमाणे नव्हे, स्वतःच्या गतीने. वैद्यकशास्त्राचा सांगावा असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीच्या मुक्कामाहून दुसऱ्या रात्रीचा मुक्काम सुमारे पाचशे मीटरहून अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावी थांबावे. त्या दिवशी स्वस्थ पडून राहावयाचे नाही. आसपासच्या उंचवट्यावर चढून यावे आणि रात्री निजण्यास खाली उतरावे. म्हणून नामचे येथे एक आणि दिंगबोचे येथे एक असे दोन दिवस बहुतेक जाणती माणसे राखून ठेवतात.

माझ्याही तक्त्यात ते दोन दिवस होते. पण काठमांडूस ढग उतरले आणि लुक्ल्याचे विमान दोन दिवस उडालेच नाही. त्या विमानतळाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चढती आहे. एका टोकास डोंगर, दुसऱ्या टोकास दरी. वैमानिकास ती डोळ्यांनी दिसल्याखेरीज विमान उतरत नाही, आणि ते योग्यच आहे. माझ्या तक्त्यात विमानासाठी राखीव दिवस एकही नव्हता. ज्या प्रवासी कंपनीकडून आम्ही सोय केली होती तिच्या गृहस्थांनी हसतमुखाने सांगितले, "दोन विश्रांतीचे दिवस आहेत ना, ते काढून टाकू." त्या कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. तिने सुचविले, पण मान डोलविली ती मी. आमचा वाटाड्या, तिशीतला एक मितभाषी शेर्पा, एवढेच म्हणाला, "दाजू, हे बरे नाही." मी त्यास रजेचा प्रश्न समजावून सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला. पर्वतास मात्र तो समजावून सांगणे राहून गेले.

फाकदिंगचा २६१० मीटरवरचा मुक्काम सोडल्यापासून चौथ्या रात्री आम्ही लोबुच्यास होतो. चार दिवसांत २३३० मीटर! मावसभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, रोज पहाटे सिंहगड चढणारे, आणि वाटेत सर्वांच्या पुढे. या पुढे असण्याचाच घात होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सिंहगडाने पाय कमावले जातात, छाती कमावली जाते. विरळ हवेची सवय त्याने होत नाही. धट्टाकट्टा माणूस भरभर चालतो आणि त्याचे शरीर मागे राहते. दिंगबोच्यास त्यांचे डोके दुखू लागले होते. त्यांनी ते मला सांगितले नाही, कारण माझा तक्ता बिघडला असता. हे त्यांनी पुढे कबूल केले, आणि ते वाक्य मला आजही झोंबते.

त्या रात्री त्यांनी जेवणाचे ताट दूर सारले. थोड्या वेळाने मला माझ्या नावाऐवजी त्यांच्या कैलासवासी थोरल्या बंधूंच्या नावाने हाक मारली. मला वाटले, थकवा आहे. शेर्प्याने त्यांना उभे केले आणि टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालावयास सांगितले. मद्यप्याप्रमाणे त्यांचा तोल जाऊ लागला. मेंदूस सूज येत असल्याची ती खूण आहे. शेर्पा म्हणाला, आत्ता उतरावयाचे. मी म्हणालो, बाहेर काळोख आहे, शून्याखाली थंडी आहे, पहाट होऊ दे. सदगृहस्थहो, माझ्या आयुष्यात मी दिलेला तो सर्वांत मूर्ख सल्ला होय. सुदैवाने त्या रात्री माझा सल्ला कोणी मानला नाही. शेर्पा आणि आमचा हमाल या दोघांनी त्यांस आळीपाळीने पाठीवर घेतले, मी दिवा धरून मागून चाललो. थुकला गावाच्या वरच्या खिंडीत, जेथे एव्हरेस्टवर मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ दगडांच्या राशी रचल्या आहेत, तेथून जाताना मी दिवा मुद्दामच खाली धरला. पहाटे फेरिचे गाव आले. तेथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे वैद्यकीय केंद्र आहे. हंगामात तेथे डॉक्टर असतात. पाच-सहाशे मीटर खाली येताच आणि प्राणवायू मिळताच त्यांची वाचा स्वच्छ झाली. मला त्यांनी नावाने हाक मारली तेव्हा मी बाहेर जाऊन बसलो.

तो प्रवास तेथेच संपला. दुसरा आम्ही २०१८ च्या ऑक्टोबरात केला, दोघांनीच, आणि तोच शेर्पा बरोबर घेऊन. या वेळी तक्ता मी केला नाही. त्याने सांगितला आणि मी लिहून घेतला. लुक्ल्यापासून लुक्ल्यापर्यंत चौदा दिवस, आणि त्याखेरीज काठमांडूस तीन दिवस कोरे. त्या कोऱ्या रकान्यांकडे पाहून माझ्या सौभाग्यवतीने विचारले, "येथे काय लिहावयाचे राहिले?" मी म्हटले, येथे काही लिहावयाचे नाही, यासाठीच हे रकाने आहेत.

तरुण शाखेचा मसुदा मी पाहिला. तो उत्साहाचा आहे, परंतु एकंदर अकरा दिवसांचा आहे. त्यात किमान पाच दिवस वाढवावेत. रजा मिळत नसेल तर ठिकाण बदलावे, दिवस कापू नयेत. अलीकडे गर्दीच्या हंगामात लुक्ल्याची पुष्कळ विमाने काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून सुटतात. तेथे जाण्यास काठमांडूहून मध्यरात्री निघून चार-पाच तासांचा मोटारप्रवास करावा लागतो, हेही ध्यानात धरावे. नेपाळास जाण्यास आपणांस प्रवेशपरवाना लागत नाही, तथापि विमानाने जाणाऱ्या प्रौढांनी पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. विम्याच्या कागदातील बारीक अक्षरे वाचावीत; पाच हजार मीटरच्या वरून हेलिकॉप्टरने उतरविण्याचा खर्च त्यात स्पष्ट लिहिलेला नसेल तर तो विमा आपल्या कामाचा नाही. रक्तदाब, हृदय, दमा यांपैकी काही असेल त्याने आपल्या डॉक्टरांस विचारावे. उंचीवरील त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध आहे, तेही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावे; शेजाऱ्याच्या पुडीतून नव्हे.

बूट येथूनच घेऊन दोन महिने वापरावेत. नवे बूट आणि नवा हिमालय एकाच दिवशी अंगास लावू नये. भगिनीवर्गाने डिंकाचे लाडू अवश्य द्यावेत, मात्र माणशी अर्धा किलोच्या वर नको. ते वाहणारा कोणी तरी असतो. वाटेत सर्वत्र डाळ-भात-भाजी मिळते आणि तीच खावी. त्या प्रदेशात मांस खालून वाहून आणतात, ते किती दिवसांचे असेल हे सांगता येत नाही. याकांचा तांडा समोरून आला तर डोंगराच्या बाजूस उभे राहावे, दरीच्या बाजूस कदापि नाही.

हमालांविषयी एक शब्द. दोघां प्रवाशांचे सामान एक जण नेतो. त्याच्या पायांत धड बूट आहेत का, अंगावर गरम कपडा आहे का, रात्री त्यास निजावयास जागा मिळते का, त्याचा विमा आहे का, हे पैसे ठरविताना विचारावे. स्वस्तात स्वस्त दर देणारा मनुष्य ती बचत बहुधा याच चार गोष्टींतून करतो. माझ्या मावसभावाला पाठीवर घेऊन उतरणाऱ्या माणसाच्या पायांत कापडी बूट होते.

आणखी एक सूचना तरुण मंडळींस कदाचित रुचणार नाही. आपल्या मंडळात ठराव बहुमताने संमत होतात. पर्वतावर ही पद्धत नेऊ नये. डोके दुखते असे एकानेही म्हटले तर त्या दिवशी त्या माणसाने वर जाऊ नये. दुखणे वाढले तर त्याने खाली उतरावे आणि त्याजबरोबर कोणी उतरावयाचे, हे नावानिशी येथेच ठरवून निघावे. उतरणाऱ्याच्या सोबत्यास वाईट वाटणार; म्हणून ते काम आधीच स्वीकारलेले असावे. आणि वाटाड्या परत फिरा म्हणाला, तर त्यावर चर्चा नको. ज्यांना हे मान्य असेल त्यांचीच नावे यादीत घालावीत, अशी माझी चिटणीसांस विनंती आहे.

ज्या वडीलधाऱ्यांस एवढे चालणे शक्य नाही त्यांनी निराश होऊ नये. कुमाऊँतील कौसानी सुमारे १८९० मीटरवर आहे. तेथील अंगणात खुर्ची टाकून त्रिशूळ आणि नंदादेवी पाहता येतात. दार्जिलिंगकडील संदकफू ३६३६ मीटरवर आहे. तेथून कांचनगंगा तर दिसतेच, शिवाय दूरवर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू हेही दिसतात. मानेभंज्यांगहून तेथवर जीपगाडी जाते. मात्र गाडीने एका दिवसात तेवढी उंची गाठणेही शरीरास मानवेलच असे नाही, म्हणून वाटेत एक मुक्काम करावा.

दुसऱ्या प्रवासात मी काला पत्थरवर गेलो. पहाटे बोटे बधिर झाली होती, आणि दहा पावलांमागे एकदा थांबावे लागत होते. शिखर पाहिले, त्याचे वर्णन करण्याची माझी शक्ती नाही. मावसभाऊ मात्र माझ्याबरोबर नव्हते. तेंगबोच्यास तिसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःहून सांगितले, "माझे डोके थोडे दुखते आहे. तू जा, मी येथेच थांबतो." या वेळी त्यांनी मला सांगितले. ते मठाच्या पायऱ्यांवर पाच दिवस राहिले, लामांच्या घंटा ऐकत आणि सायंकाळी एव्हरेस्टचा माथा तांबूस होताना पाहत. मी परतलो तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. ते आज येथे दुसऱ्या रांगेत बसलेले आहेत. त्यांनी त्या पाच सायंकाळी घेतलेली छायाचित्रे बाहेरच्या ओसरीवर लावली आहेत, ती चहापानाच्या वेळी अवश्य पाहावीत. काला पत्थरवरून मी घेतलेली एवढी चांगली आलेली नाहीत.