सागवानाचे पासबुक
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



मला दहा मिनिटे दिली आहेत. बँकेतला माणूस आहे, हिशोबात राहीन.

मे महिन्यात आपण गच्चीत पाय ठेवू शकत नाही. 2019 मध्ये चंद्रपूरचा पारा 48 अंशांच्या आसपास गेला होता. आता गंमत ऐका. याच जिल्ह्यात इरई गावाजवळ (नदी नव्हे, गाव!) चुनखडीच्या खडकावर ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी 1875 मध्ये त्याबद्दल लिहिले. सरकत्या बर्फात अडकलेल्या दगडांनी ते ओढले आहेत. आपल्या खाणीतल्या कोळशाच्याही आधीचा, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा काळ! म्हणजे हवामान पूर्वीही बदलत होते. पण तेव्हा ते लाखो वर्षांत बदलत होते, आता आपल्या नातवंडांच्या आयुष्यात बदलते आहे.

हे शास्त्रज्ञांना कळते कसे? लोणारच्या सरोवरातला गाळ उपसून त्यांनी सुमारे अकरा हजार वर्षांचा पावसाचा इतिहास वाचला. मला मात्र आवडते ते सागवान. उन्हाळ्यात साग पाने गाळतो, वाढ थांबते. पाऊस आला की पुन्हा सुरू. वर्षाला एक कडे. बारीक पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढतात, झाड मरत नाही. पण एका झाडावर विश्वास ठेवत नाहीत. कधी कडे पडतच नाही, कधी एका वर्षात दोन दिसतात. म्हणून अनेक झाडांची कडी एकमेकांशी ताडून पाहतात. आम्ही लेजर टॅली करायचो, अगदी तसेच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले सोमारू राम, बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी आपल्या आलापल्लीच्या सागावर असा अभ्यास करून 2011 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी कड्यांची रुंदी नुसत्या पावसाशी ताडली नाही, ओलाव्याशी आणि दुष्काळाच्या निर्देशांकाशी ताडली. या निर्देशांकात उन्हाने किती ओल उडाली तेही धरतात.

हे वाचले आणि मला एक जुने कर्जप्रकरण आठवले. मी आलापल्लीच्या बाजूला शाखाधिकारी होतो. एक धानवाला शेतकरी कर्जाची मुदत वाढवून मागायला आला. मी तालुक्याचा आकडा काढला. सरासरीपेक्षा थोडा जास्तच पाऊस! पैसेवारी पन्नासच्या वर. म्हटले, "काका, पाऊस तर झाला आहे." तो म्हणाला, "साहेब, पानी आला जी, पन टाइमावर नाई आला. परे पिवळे झाले, मंग रोवनी केली." मी अर्ज नामंजूर केला. नियमात बरोबर होतो. त्याने त्या वर्षी बैलजोडी विकली, हे मला नंतर शिपायाकडून कळले.

एकूण पाऊस त्याच्या बांधीत कोणत्या आठवड्यात पडला, हे माझ्या आकड्यात नव्हतेच. सागवान मात्र ओल होती की नव्हती, तेच लिहून ठेवतो. तो शेतकरीही तेच सांगत होता. मी मिलिमीटर बघत बसलो!

म्हणून गेल्या जूनमध्ये मी 'ब' विंगच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. सचिवांनी परवानगी दिली, आभार. रोज सकाळी साडेआठला मोजतो. अडीच मिलिमीटर झाला तरच तो पावसाचा दिवस, असा हवामान खात्याचा नियम आहे. कोरडे दिवसही लिहितो, ते जास्त महत्त्वाचे. वही वॉचमनच्या केबिनमध्ये आहे, कोणीही पाहावी.

दिवाळीनंतर मी मुलाकडे जातो, तो पावसाळा संपलेला असतो, तेव्हा अडचण नाही. पण जुलैत माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे आणि पंधरा दिवस जिना चढायचा नाही. साडेआठला गच्चीवर जाऊ शकेल अशा दोन मुलांची नावे मला आज जेवणाआधी हवी आहेत.